शिसं शरीरात कुठून शिरतं आणि किती सावकाश बाहेर पडतं

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरातलं कुटुंब. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो, रक्तातलं शिसं ८.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. आईचं ६.१ आणि हिमोग्लोबिन ९.२. घरात आजेसासूबाईंच्या वेळची पितळेची पातेली आहेत, दिवाळीआधी त्यांना कल्हई करून घेतली. हळद सुटी, बाजारातली. मध्यंतरी आईने अशक्तपणासाठी कसलंसं भस्म सकाळी अनशापोटी मधातून घेतलं. आता कुणीतरी एकवीस दिवसांचा ‘डिटॉक्स’ कोर्स सुचवला आहे: कोथिंबिरीचा रस, क्लोरेलाच्या गोळ्या आणि पाय बुडवून बसायचा विजेचा टब. जड धातू अन्नातून शरीरात जातात कसे, बाहेर पडतात कसे आणि या कोर्सने ते लवकर निघतील का, हे तुम्ही विचारलं आहे.

कोर्स घेऊ नका. या पातळीला धातू काढणारी खरी औषधंसुद्धा मुलाला लागत नाहीत. शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करणं, दोघांचं लोह भरून काढणं आणि तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासणं, एवढं करायचं आहे. असं का, हे कळायला शिशाचा शरीरातला प्रवास बघावा लागतो. त्यात आत शिरण्याचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण आपला काही ताबा चालतो तो तिथेच.

शिसं आत घेण्यासाठी आतड्यात वेगळी सोय नाही. ते लोहाच्या आणि कॅल्शियमच्या वाटेने घुसतं. जठर संपल्यावर लहान आतड्याचा जो पहिला वीतभर भाग येतो, तिथे लोहाचं शोषण होतं. तिथल्या पेशींवर डीएमटी-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. दोन धन भार असलेलं लोह ओढून घ्यायचं हे त्याचं काम; पण भार तोच असला की ते शिसं, कॅडमियम, मँगनीज यांनाही आत घेतं. ओळख पटवण्यात ते कच्चं आहे.

आता लोहाची एक खासियत लक्षात घ्या. जास्तीचं लोह बाहेर टाकायची व्यवस्था माणसाच्या शरीरात नाहीच. झडणाऱ्या पेशींबरोबर रोज एक-दोन मिलिग्रॅम जातं, स्त्रियांचं पाळीत आणखी थोडं, बस. त्यामुळे लोहाचा सगळा हिशेब शोषणातच ठरतो. साठा भरलेला असला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक सोडतं आणि वाट आखडते. साठा रिकामा झाला की हेप्सिडिन घसरतं आणि आतड्याच्या पेशी डीएमटी-१ कितीतरी पटींनी वाढवतात. आईच्या हिमोग्लोबिनचा ९.२ हा आकडा म्हणून नुसता अशक्तपणाचा नाही. ही तूट लोहाचीच असेल, आणि आपल्याकडे बहुधा असतेच, तर लोहासाठी सताड उघडलेल्या वाटेने शिसं आणि कॅडमियमही जास्त शिरत असणार. एकाच पातेल्यातलं जेवणाऱ्या दोन बायकांच्या रक्तात शिशाचे आकडे वेगळे येतात, त्याचं एक मोठं कारण हे.

पेशीत शिरलेला सगळा धातू रक्तात पोचतोच असंही नाही. आतड्याच्या अस्तराची पेशी चार-पाच दिवस जगते आणि झडते. तिच्यात मेटॅलोथायोनिन नावाचं गंधकयुक्त छोटं प्रथिन असतं. ते विशेषतः कॅडमियम, जस्त आणि तांबं घट्ट धरून ठेवतं. धरलेला धातू पेशीबरोबर मळावाटे निघून जातो. शोषण झालं म्हणतात ते पेशीच्या पलीकडच्या बाजूने धातू रक्तात उतरला तरच.

शिशाचे आकडे असे. मोठ्या माणसाने जेवणासोबत घेतलेल्या शिशापैकी साधारण ५ ते १५ टक्के शोषलं जातं. तेच शिसं विरघळलेल्या स्वरूपात उपाशीपोटी घेतलं तर प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जातं. लहान मुलांत जेवणासोबतही ४० ते ५० टक्के. पोटात अन्न असताना कॅल्शियम, फॉस्फेट आणि पोळीतलं फायटेट (धान्याच्या कोंड्यातलं धातू धरणारं द्रव्य) शिशाला अडकवून ठेवतात. रिकाम्या पोटात अडवणारं काही नसतं. भस्म अनशापोटी घ्यायची पद्धत या दृष्टीने सर्वांत वाईट. त्यात शिसं असेल तर शोषण जास्तीत जास्त होईल अशीच ती वेळ आहे.

हळदीचं उदाहरण घेऊन हिशेब करू. आपल्याकडे हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा १० पीपीएम आहे, म्हणजे एका ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम. हळद अगदी त्या मर्यादेवर आहे असं धरा. आईच्या पोटात दिवसाला दोन ग्रॅम गेली तर २० मायक्रोग्रॅम शिसं. त्यातलं दहा टक्के शोषलं गेलं तर रक्तात २. मुलाच्या वरण-भातातून अर्धा ग्रॅम गेली तर ५ मायक्रोग्रॅम. निम्मं शोषलं तर रक्तात अडीच. हळद आईच्या चौथाई, तरी रक्तात शिसं आईपेक्षा जास्त, आणि तेही बारा किलोच्या देहात. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा मुलांसाठीचा संदर्भ आकडा दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे, तोही पोटात जाणाऱ्या शिशाचा, शोषलेल्या नव्हे. कायद्यात बसणारी हळदसुद्धा लहान मुलाला जड जाऊ शकते, ती अशी. लेड क्रोमेट घालून पिवळी केलेली असली तर प्रमाण मर्यादेच्या शंभर पटींवरही जातं. तिथे हिशेब करत बसायचं कारणच उरत नाही.

शोषलेलं शिसं रक्तात आलं की त्यातलं ९९ टक्के लाल पेशींत जाऊन बसतं. तिथे ते हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह धरणारा भाग, तयार करणाऱ्या एका एन्झाइमला चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. म्हणजे लोह कमी म्हणून शिसं जास्त शिरतं आणि शिसं जास्त म्हणून हिमोग्लोबिन आणखी बनत नाही. तुमच्या पातळीला हा दुसरा परिणाम किरकोळ असतो, पण दिशा तीच. रक्तातल्या शिशाचा अर्धायुकाळ, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ३५ दिवसांचा. तिथून काही भाग मूत्रपिंडातून लघवीत जातो, काही यकृतातून पित्तात आणि पित्तावाटे शौचात. शरीराबाहेर पडणाऱ्या शोषित शिशापैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश लघवीतून, एक तृतीयांश मळातून. घाम, केस, नखं यांचा वाटा नगण्य.

उरलेलं शिसं मात्र बाहेर पडत नाही, ते हाडांत मुरतं. कॅल्शियमच्या जागी बसतं आणि तिथे दहा ते तीस वर्षं राहतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत असतं, मुलांत सत्तर टक्क्यांच्या आसपास, कारण त्यांची हाडं सतत मोडत-घडत असतात. त्यामुळे स्रोत बंद केला तरी रक्ताचा आकडा ३५ दिवसांत सरळ निम्मा होत नाही. हाडं थोडं थोडं परत देत राहतात. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधी शहरात वाढलेल्या प्रत्येकाच्या हाडांत त्या धुराचा काही अंश असणारच.

बाकीच्या धातूंचंही विचारलं आहे म्हणून सांगतो, पण सगळ्यांना ‘जड धातू’ म्हणून एकाच पोत्यात कोंबू नका. प्रत्येकाची वाट निराळी आहे.

कॅडमियम लोहाच्याच वाटेने शिरतं. शोषण कमी, तीन ते पाच टक्के. लोह कमी असलेल्या बायकांत दहापर्यंत. पण जातंच कुठे? यकृतात मेटॅलोथायोनिनला बांधलं जातं, ती जोडी हळूहळू रक्तात येते, मूत्रपिंडात गाळली जाते आणि लघवीत जायच्या ऐवजी नलिकेच्या पेशी तिला प्रथिन समजून परत आत ओढतात. तिथे ते दहा ते तीस वर्षं साचत राहतं. अंगातल्या एकूण साठ्यापैकी दिवसाला लघवीतून जेमतेम दहा हजारावा भाग जातो. जपानच्या तोयामा भागात खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन बायकांची हाडं पिचायची, त्या इताई-इताई आजाराचं मूळ हेच. कॅडमियम हळूहळू काढून टाकेल असं भरवशाचं औषध आजही नाही. सिगारेट हा त्याचा मोठा स्रोत, आणि पालकासारख्या पालेभाज्या ते जमिनीतून मुळावाटे ओढून घेतात. भाजी सांडपाण्यावर वाढलेली असेल तर धुवून वरची धूळ आणि तिच्यातलं शिसं जाईल. पानात मुरलेलं कॅडमियम जाणार नाही.

आर्सेनिक याच्या अगदी उलट. पाण्यात विरघळलेलं असेंद्रिय आर्सेनिक नव्वद टक्क्यांवर शोषलं जातं, त्यातलं एक रूप फॉस्फेटच्या वाटेने, दुसरं पाणी-ग्लिसरॉलच्या मार्गाने. पण यकृत त्याला मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा) जोडतं आणि काही दिवसांत बराचसा भाग लघवीतून निघून जातो. लघवीत दिसतं त्यातलं ६० ते ८० टक्के दोन मिथाइल गट जोडलेलं रूप असतं. या कामाला फोलेट लागतं, म्हणून हिरव्या भाज्या आणि डाळी खाणाऱ्याचं आर्सेनिक जरा बरं निघतं. अर्थात पाणी रोजचं दूषित असेल तर रोजची भर रोजच्या निचऱ्यावर मात करते. हा मुख्यतः गंगेच्या गाळाच्या मैदानाचा प्रश्न आहे. तुमचा इंदूरचा माळवा बेसाल्टवर बसलेला आणि गव्हावर जगणारा. तरी भात रोजचा असेल तर तांदूळ चांगले धुवून सहापट पाण्यात शिजवून भात वेळावा. पाणी स्वच्छ असेल तर असेंद्रिय आर्सेनिक साधारण निम्म्यापर्यंत उतरतं. कुकरमध्ये मोजून पाणी घातलेल्या भातात सगळं आतच राहतं.

पाऱ्याची तीन रूपं आणि तिन्हींचे तीन न्याय. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा गिळला गेला तर जवळजवळ काहीच शोषलं जात नाही. त्याची वाफ मात्र श्वासातून ८० टक्के शोषली जाते, म्हणून सांडलेला पारा केरसुणीने झाडू नये. पाऱ्याचे क्षार दहाएक टक्के शोषले जातात आणि मूत्रपिंडाला नडतात. मोठ्या शिकारी माशांतला मिथाइल पारा ९५ टक्के शोषला जातो. रक्तात तो सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो, ती जोडी मेथिओनिनसारखी दिसते, आणि मेंदूची भिंत तिला ओलांडू देते. यकृत त्याला पित्तात टाकतं, आतडं त्यातला बराच पुन्हा शोषतं, असा फेरा चालतो; आतड्यातल्या जिवाणूंनी मिथाइल तोडला तेवढाच पारा मळातून जातो. अर्धायुकाळ सुमारे ५० दिवस. गरोदरपणी सुरमईसारख्या मोठ्या माशांऐवजी बांगडा, तारली खावी म्हणतात ते यामुळे.

आता तो कोर्स. विजेच्या टबातलं पाणी तांबूस होतं ते इलेक्ट्रोडचं लोखंड मिठाच्या पाण्यात गंजतं म्हणून. पाय न घालता टब चालू करून बघा, पाणी तसंच रंगेल. तळपायाच्या कातडीतून शिसं बाहेर यायची वाटच नाही. कोथिंबिरीच्या रसाने माणसाचं शिसं उतरतं याला आधार नाही. क्लोरेला हे शेवाळ, ते वाढलेल्या पाण्यातले धातू स्वतःच शोषून घेतं; अडीच वर्षांच्या मुलाला द्यायची ती वस्तू नव्हे. कोळशाची पावडरही शिसं धरत नाही, ती कामाला येते इतर विषांना. अशा कोर्समध्ये कधी कधी आधी एक औषध देऊन मग लघवी तपासतात आणि धातू ‘वाढलेले’ दाखवतात. धातू ओढणारं औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीत ते वाढणारच, आणि अहवालातली तुलना मात्र औषध न घेतलेल्यांच्या आकड्याशी असते. ती तपासणी निरर्थक आहे. केसांची तपासणीही शिशासाठी कामाची नाही, कारण धूळ, रंग, शाम्पू यांतलं केसावरचं शिसं आणि आतलं शिसं वेगळं करता येत नाही.

खरी औषधं आहेत, पण त्यांची जागा वेगळी आहे. डीएमएसए हे तोंडाने द्यायचं औषध मुलांत रक्तातलं शिसं ४५ च्या वर गेलं तर विचारात घेतात, तेही रुग्णालयाच्या देखरेखीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २० ते ४४ पातळीची ७८० मुलं होती; साधारण निम्म्यांना ते दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली नकली गोळी. रक्ताचे आकडे उतरले, पण मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही. औषध थांबलं की हाडांतलं शिसं रक्तात येऊन आकडा पुन्हा चढतो. शिवाय घरात स्रोत चालू असताना काही औषधं दिली तर आतड्यातलं शिसं विरघळून शोषण वाढायचाच धोका असतो. ईडीटीए हे धातू ओढणारं दुसरं औषध शिरेतून द्यायचं ते कॅल्शियमयुक्त; त्याच्या जागी चुकून सोडियमवालं दिलं गेल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून मृत्यू झालेले आहेत. कुणी क्लिनिकमध्ये ‘ईडीटीए ड्रिप’ लावू म्हणालं तर नकोच.

तेव्हा स्रोत शोधू. तुमच्या यादीत माझा पहिला संशय कल्हईवर.

कल्हईत पातेलं तापवून त्यावर नवसागर टाकतात, त्याने पृष्ठभाग साफ होतो, मग कथिलाची कांडी टेकवतात आणि वितळलेलं कथील कापसाने फिरवून पातळ थर देतात. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं. शिसं मिसळलेलं, म्हणजे सोल्डरसारखं मिश्रण १९० च्या खाली वितळतं, पातेल्याला लवकर पकडतं, कोळसा वाचतो, आणि शिसं कथिलापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणून भेसळ होते, आणि नवीन कल्हई चकचकीत दिसते त्यावरून काहीच कळत नाही. अशा पातेल्यात कढी, आमसुलाचं सार, चिंच-गुळाची आमटी उकळली आणि दुपारपर्यंत तशीच ठेवली की आम्ल शिसं ओढून घेतं. जितका आंबटपणा, जितका वेळ आणि जितकी उष्णता, तितकं जास्त.

विरोधाभास असा की कल्हई करतात ती तांबं-जस्त अन्नात उतरू नये म्हणून. जास्तीचं तांबं मोठ्या माणसाचं यकृत पित्तावाटे टाकून देतं, त्यासाठी खास पंप आहे. जो धातू बऱ्यापैकी बाहेर टाकता येतो तो अडवायला आपण कधी कधी असा धातू चढवतो जो टाकता येत नाही. याचा अर्थ बिनकल्हईचं पितळ वापरा असा मात्र घेऊ नका. तान्ह्या मुलांचं दूध पितळेच्या भांड्यात तापवून आणि ठेवून त्यांच्या यकृताचा सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन निकामी होणं) व्हायचा, हा संबंध १९८० च्या दशकात पुण्यात झालेल्या अभ्यासात पुढे आला. तान्ह्याचं यकृत मोठ्यांसारखं तांबं फेकू शकत नाही.

तपासायचं कसं? पातेलं घासून स्वच्छ करा, चार टक्के अॅसेटिक आम्ल भरा, झाकून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवा आणि ते द्रव एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत शिशासाठी द्या. सिरॅमिक भांड्यांसाठी हीच पद्धत वापरतात. साधं व्हिनेगर सहसा चार-पाच टक्क्यांचंच असतं, पण प्रयोगशाळेला आधी विचारा, त्यांची बाटली त्यांच्याकडूनच घ्या आणि तुलनेसाठी कोरं व्हिनेगरही वेगळं द्या. अहवाल येईपर्यंत स्टीलची भांडी वापरा. कल्हई घरात खरवडू नका. ती भुकटी जमिनीवर खेळणाऱ्या, तोंडात हात घालणाऱ्या मुलासाठी पातेल्यापेक्षा वाईट. पुढे कल्हई करायचीच असेल तर ९९.९ टक्क्यांचं कथील बिल घेऊन स्वतः आणा आणि कल्हई होईपर्यंत समोर उभे राहा. शुद्ध कथिलाची कांडी वाकवताना करकर असा आवाज येतो, शिसं जास्त असलेली मुकाट वाकते आणि कागदावर घासली तर करडी रेघ ओढते. ही नुसती चाचपणी झाली, पुरावा नव्हे. भंगार वितळवून केलेली ॲल्युमिनियमची ओतीव कढईही याच संशयात धरा.

हळदीबद्दल: सुटी, भडक पिवळी पूड बंद करा. अख्खं हळकुंड घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही, कारण लेड क्रोमेट पॉलिश करताना हळकुंडावरच चोळतात. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं होतं. तपासण्या आणि दंड सुरू झाल्यावर २०२१ पर्यंत प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे हे थांबवता येतं. घरी करायची चाचणी साधी: अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात सोडा. लगेच पिवळे ओघळ उतरून पाणी गडद झालं तर ते परत करा. मळकट, भेगाळलेलं, न चमकवलेलं हळकुंड घ्या, धुवून वाळवा आणि दळा.

भस्माची पुडी किंवा डबी जपून ठेवा आणि वैद्यांना सरळ विचारा, यात नाग भस्म आहे का. नाग म्हणजे शिसं. रसशास्त्र, म्हणजे आयुर्वेदातली धातूंची औषधं, त्यांतल्या काहींत पारा किंवा शिसं मुद्दाम घातलेलं असतं, ती भेसळ नव्हे. आईचा ६.१ आकडा यातून असू शकतो. मुलाने भस्म घेतलेलं नाही, तेव्हा त्याच्या ८.४ चं उत्तर यात मिळणार नाही. दोघांत समान काय ते शोधा: पातेलं, हळद, पाणी, घराची धूळ. शेंदूर लाल शिशाचा असू शकतो. तो हाताळून त्याच हाताने मुलाला भरवू नका. डोळ्यात घालायच्या सुरम्यात शिशाचा सल्फाइड असू शकतो.

नर्मदेचं पाणी ज्या भागात एक दिवसाआड येतं, तिथे ते टाकीत आणि घरच्या नळात बराच वेळ उभं राहतं. पितळी नळांत थोडं शिसं असतं, आणि पीव्हीसी पाइपांत स्थिरक म्हणून शिसं वापरण्यावर बंदी आणणारे नियम २०२१ चे, म्हणजे जुन्या पाइपांत ते असू शकतं. सकाळी पहिलं एक-दोन मिनिटांचं पाणी झाडांना घाला, मग पिण्याचं भरा. उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. आरओने जातं. पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. घर जुनं असेल तर दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट बघा. रंगात ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली; त्याआधीच्या थरांत काहीही असू शकतं. दिवाळीच्या रंगकामात कोरडा सँडपेपर मारला असेल तर कल्हई आणि ही धूळ दोन्ही एकाच महिन्यात घरात आली. मग कोरडं झाडणं थांबवा, ओल्या फडक्याने पुसा आणि मुलाचे हात जेवणाआधी साबणाने धुवा.

खाण्याकडे वळू. आईचं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. एक दिवसाआड घेतल्या तर हेप्सिडिन मध्ये उतरतं आणि गोळीमागे शोषण बरं होतं, हेही त्यांना विचारा. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबू चालेल. मुलाचंही हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघा; त्याचा डोस वजनावर ठरतो, अंदाजाने देऊ नका. लोहाच्या गोळ्यांची बाटली मुलाच्या हाताला लागता कामा नये. मूठभर गोळ्या त्याच्या जिवावर बेततील, आणि तो धोका या ८.४ पेक्षा खूप जवळचा आहे. कॅल्शियम मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतं. पाव लिटर दुधातून सुमारे ३०० येतं, बाकीचं दही, नाचणी, तीळ यांतून सहज भरतं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र नको, ती एकमेकांना अडवतात. मुलाला उपाशी ठेवू नका: दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोनदा काहीतरी, म्हणजे पोट फार वेळ रिकामं राहत नाही. सकाळी उठल्यावर पोह्याच्या आधी काढा, रस, चाटण असलं काही नको.

पुन्हा तपासताना रक्त शिरेतूनच द्या. बोटातून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगतो; मुलाचा ८.४ बोटाचा असेल तर तो आधी शिरेच्या नमुन्याने पक्का करून घ्या. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या वर स्रोत शोधायला सांगते, अमेरिकेचा संदर्भ आकडा ३.५ आहे, सुरक्षित अशी पातळी कुणीच सांगत नाही. तीन महिन्यांनी मुलाचा आकडा ५ च्या आसपास आला तर स्रोत बरोबर सापडला असं धरा आणि पुढच्या तीन महिन्यांनी एकदा बघा. ८ वरच अडला तर हाडांना दोष देण्याआधी घर पुन्हा शोधा. अडीच वर्षांच्या हाडांत इतका जुना साठा नसतो. १० च्या वर गेला तर बालरोगतज्ज्ञांकडे महिन्याभरात.

आईबद्दल एक वेगळी गोष्ट. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी तिचं लोह भरून घ्या आणि शिसं उतरू द्या. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर जुनं शिसंही सुटतं आणि वार (प्लासेंटा) त्याला अडवत नाही. मेक्सिकोतल्या एका चाचणीत गरोदर स्त्रियांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं. फरक लहान आहे, पण गोळी स्वस्त आहे आणि कॅल्शियम तसंही लागतंच. गोळी हाडांच्या पुडीची, शिंपल्याची किंवा डोलोमाइटची नको. त्यांतच शिसं निघू शकतं. शुद्ध केलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची किंवा सायट्रेटची बघून घ्या.